चिखल्याला कलावंत बोलवायचे असतील, तर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ चिखला आहे. 'मॉयल' या सरकारी कंपनीची भुयारी मँगनीज खदान, कामगारांची वसाहत, लगतचं सीतासावंगी, थोड्या अंतरावर डोंगरी बुजुर्गची उघडी खदान आणि भोवती धानाच्या बांध्या. या गावात देशोदेशीचे आणि इथले कलावंत एकत्र राहून काही घडवताहेत, असं मला बघायचं आहे. आज तसं काही चालू नाही. पण एखादी संस्था, एखाद्या वकिलातीचा सांस्कृतिक विभाग किंवा एखादा उत्साही जिल्हाधिकारी उद्या असा बेत घेऊन येऊ शकतो. आणि पाहुणा ओसरीवर टेकल्यावर अटी काढणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही. म्हणून हे मुद्दे आधीच मांडतो.

१. चिखल्याच्या परिसराचा विलायतेशी संबंध सव्वाशे वर्षांचा आहे

१८९६ साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' निघाली. तिचीच पुढे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' झाली, नोंदणी इंग्लंडातली. १९६२ साली करार होऊन 'मॉयल' उभी राहिली, तेव्हा ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचं होतं. उरलेले ४९ टक्के त्या इंग्रज कंपनीकडेच राहिले. १९७७ साली तेही घेतले गेले. आज मुख्य कार्यालय नागपुरात आहे आणि देशातलं जवळपास निम्मं मँगनीज ही कंपनी काढते.

इंग्रज कंपनीच्या काळातला व्यवहार सरळ होता. दगड इथला, तो फोडणारे हात इथले. भाव, वजन आणि खातेवही तिकडची. कलेच्या देवघेवीत अगदी हेच पुन्हा घडू शकतं. चेहरे इथले, गोष्टी इथल्या, काळी धूळसुद्धा इथली. नाव, प्रदर्शन आणि विक्री तिकडे. माझं म्हणणं एवढंच आहे की सही कुणाची, पैसा कुणाला, वस्तू कुणाची आणि 'नको' म्हणायचा हक्क कुणाला, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय एकही कुंचला बाहेर निघू नये. चारही उत्तरं बरी असतील, तर मग खुशाल जग येऊ द्या.

२. सुशोभीकरण या देवघेवीत येत नाही

शाळेच्या कुंपणभिंतीवर दोन दिवसांत फुलपाखरं काढून, हार घालून, फोटो काढून निघून जाणं याला काहीही म्हणा. त्याच्यावर जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

३. गंजाडचा माणूस पॅरिसला गेला, तेव्हा काय झालं?

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या विषयातलं सर्वांत मोठं नाव जिव्या सोमा मशे यांचं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार. १९८९ साली पॅरिसला 'मॅजिशियन्स द ला तेर' हे गाजलेलं प्रदर्शन भरलं. युरोप-अमेरिकेतले नामवंत आणि बाकी जगातले कलावंत तिथे एका छताखाली मांडले होते, त्यांत मशे होते. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांचं आणि इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचं काम समोरासमोर लागलं. लाँग म्हणजे चालत जाऊन जमिनीवर दगडांच्या रेघा आणि वर्तुळं रचणारा माणूस, आणि मशे तांदळाच्या पिठाने मातीवर वर्तुळं काढणारे. हे प्रदर्शन पुढच्या वर्षी मिलानला गेलं. मशे यांना २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

यात दोन गोष्टी चांगल्या घडल्या. 'एक वारली कारागीर' अशा पाटीऐवजी माणसाचं पूर्ण नाव लागलं, आणि ते लाँग यांच्या नावाच्या शेजारी लागलं. लोककलेच्या दालनातून बाहेर पडून आजच्या कलेच्या दालनात बसण्याचा हा प्रवास आहे, आणि तो सोपा नव्हता. पण मेळ घालणारा, निवडणारा, मांडणी ठरवणारा माणूस युरोपातलाच होता. डहाणूच्या पाड्यावर बसून कुणी ड्युसेलडॉर्फचा कलावंत निवडला नाही. चिखल्याने ही उलटी निवड मागावी. कोण यायचं, याच्या यादीवर गावातल्या माणसांचं मत पडावं. एखाद्या खाणगावात, एखाद्या भातशेतीच्या मुलखात काम केलेला कलावंत आपल्याला हवा, असं आपण म्हणू शकतो.

४. आणि पाटणगडचा माणूस जपानला गेला, तेव्हा काय झालं?

हा मुद्दा लांबणार आहे.

जनगढसिंह श्याम हे परधान गोंड, पाटणगडचे. तुमसरहून बालाघाट आणि मंडला ओलांडलं की दिंडोरी जिल्हा लागतो, तिथलं हे गाव. म्हणजे गंजाडपेक्षा आपल्याला कितीतरी जवळचं. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना गावात हेरलं आणि भोपाळला आणलं. आज 'गोंड चित्रकला' म्हणून जे जगभर ओळखलं जातं, ते ठिपक्यांचं आणि बारीक रेघांचं वळण त्यांच्या हातून सुरू झालं. मशे होते त्याच १९८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तेही होते.

२००१ साली ते जपानच्या निइगाता प्रांतातल्या तोकामाची इथल्या मिथिला संग्रहालयात राहून काम करत होते. १९८२ मध्ये एका जपानी रसिकाने उभारलेलं हे संग्रहालय. मधुबनीच्या गंगादेवी तिथे राहून गेल्या, मशेही राहून गेले. त्यांच्या कामाची तिथे मनापासून कदर झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुलै २००१ मध्ये जनगढसिंहांनी तिथेच आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आसपास. घरी लिहिलेल्या पत्रांतली परतीची ओढ नंतर छापून आली. भारतातल्या कलावंतांनी मुक्कामाच्या आणि कराराच्या अटींवर प्रश्न उभे केले.

अशा वेळी दोष एकाच्या माथी मारून मोकळं होता येतं, पण त्यातून पुढच्या माणसाची सोय होत नाही. या घटनेतून मला ज्या अटी सुचतात त्या फार साध्या आहेत, इतक्या की त्या कुठे लिहिलेल्या नसतात.

चिखल्यातून कुणी परदेशी गेलं तर एकटं जाऊ नये. आपली बोली बोलणारं दुसरं माणूस सोबत हवं आणि त्याचा खर्च मूळ हिशोबात धरलेला हवा. पासपोर्ट स्वतःच्या खिशात. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं, आणि ते बदलायचा अधिकार ज्याचं तिकीट आहे त्याचा. मानधन दिवसाचं हवं, नगाचं नको. चित्रं किती झाली यावर माणसाची परतीची वाट अवलंबून राहू नये. करार मराठीत हवा आणि त्याची एक प्रत घरी बायकोकडे, आईकडे किंवा भावाकडे. मुक्काम वाढवायचा असेल तर घरच्यांशी बोलणं झाल्यावरच. आणि काही न घडवता परत आलेल्या माणसाला कुणी जाब विचारायचा नाही.

ही यादी कलेची वाटत नाही, कामगार संघटनेची वाटते. वाटू द्या. चिखल्याला पाळी, हाजरी, भरपाई आणि सुट्टी यांची भाषा चांगली कळते. परदेशी संस्थेच्या कागदपत्रांपेक्षा या एका बाबतीत आपलं गाव अधिक मुरलेलं आहे.

गंमत अशी की तोकामाची याच गोष्टीचं दुसरं टोकही दाखवतं. हा तांदळाचा आणि बर्फाचा मुलूख. तरुण शहरात गेलेले, शाळा बंद पडलेल्या. २००० सालापासून तिथे आणि शेजारच्या गावांत 'एचिगो-त्सुमारी' हा दर तीन वर्षांनी येणारा कला महोत्सव चालतो. सुरुवातीला गावांनी विरोध केला होता. आयोजक फ्राम कितागावा गावोगाव बैठका घेत राहिले, आणि शेतात, बंद शाळांत, ओस घरांत देशोदेशीच्या कलावंतांनी म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन कामं उभी केली. विरोध करणारे म्हातारे पुढे पाहुण्यांना आपल्या बांधावरची कलाकृती समजावून सांगू लागले. एकाच शहराच्या हद्दीत एक माणूस एकटा पडला आणि शेकडो माणसं एकत्र आली. फरक कलेच्या दर्जाचा नव्हता.

५. गंजाडला जग आलं, तो रस्ता जास्त कामाचा

जपानच्या 'वॉल आर्ट' उपक्रमाने २०१० मध्ये बिहारच्या सुजाता गावातल्या शाळेत भिंती रंगवायला सुरुवात केली आणि २०१३ पासून हा महोत्सव गंजाडला आला. परदेशी चित्रकार वारली चित्रकारांबरोबर शाळांच्या वर्गांत काम करू लागले. पुढे वारली चित्रकारही जपानला जाऊन तिथल्या शाळांच्या भिंती रंगवून आले. येणं आणि जाणं, दोन्ही.

याच गंजाडच्या राजेश वांगड यांच्याबरोबर छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून एक काम केलं. गिल यांनी वांगडांच्या मुलखाची कृष्णधवल छायाचित्रं घ्यायची, आणि वांगडांनी त्यांवर रेघेने तिथल्या आठवणी, देव, पूर, तुटलेलं जंगल काढायचं. कॅमेऱ्याला रिकामा माळ दिसतो, रेघेला त्यात गजबज दिसते. ही चित्रं दोघांच्या नावाने २०१७ साली 'डॉक्युमेंटा' या जगातल्या अत्यंत मानाच्या प्रदर्शनात होती. जव्हारला बोहाड्याचे मुखवटे करणारे सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे बंधू आणि त्यांचे साथीदार यांच्याबरोबर गिल यांनी दुसरं काम केलं. देवांच्या सोंगांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करा, असं ठरलं. मग दवाखान्यात, घरात, शेतात मुखवटे घातलेली माणसं उभी राहिली. ती छायाचित्रं २०१८ मध्ये न्यूयॉर्कला लागली आणि मुखवटे करणाऱ्यांची नावं सोबत गेली.

नावाचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा का काढतो? आपल्याकडच्या गार्नेट मिसळलेल्या एका खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' नाव १९०९ साली फर्मर या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने दिलं, आणि ते आजही जगभरच्या पुस्तकांत आहे. जमातीचं नाव दगडाला लागतं आणि माणसाचं नाव कुठेच लागत नाही, हे आपल्या भागाला नवीन नाही. सूचिपत्रात 'स्थानिक आदिवासी महिलांच्या सहकार्याने' असं छापलेलं दिसलं, की त्या महिलांची नावं विचारावीत. एखाद्या बाईला नाव छापून नको असेल तर तोही तिचा निर्णय, पण तो तिला विचारून झालेला असावा.

इथे एक कायद्याचा खड्डा आहे. गंजाड अनुसूचित क्षेत्रात येतं. तिथल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं बळ आहे. भंडारा जिल्हा त्या यादीत नाही. आपल्या ग्रामसभेला ते बळ आपोआप मिळणार नाही, ते करारातल्या कलमांतून घ्यावं लागेल.

६. वेळ वर्षांत मोजा

मुंबईच्या नवजोत अल्ताफ १९९७ पासून बस्तरच्या कोंडागावात काम करत आल्या आहेत. जयदेव बघेल यांच्या शिल्पग्रामात सुरुवात झाली. शांतीबाई, राजकुमार, गेसूराम हे तिथले कलावंत सोबतीला राहिले. त्यांनी मिळून काय केलं? 'नलपार'. गावातल्या सार्वजनिक हातपंपाभोवतीची जागा. बाईला हंडा उचलून आधी कमरेवर आणि मग डोक्यावर घेताना कुठे टेकवता यावा, सांडपाणी कुठे जावं, पाणी भरताना दोन शब्द बोलायला कुठे टेकता यावं, याचा विचार करून ओटे बांधले आणि त्यांवर शिल्पं कोरली. हे काम जगभरच्या प्रदर्शनांत आणि लेखांत गाजलं, पण त्याचा पहिला उपयोग पाणी भरणाऱ्या बाईला झाला.

चिखल्याचा नलपार कोणता? पाळी सुटल्यावर माणसं थांबतात ती जागा, आठवडी बाजाराचा ओटा, मुलींच्या शाळेचा रस्ता, की आणखी काही? याचं उत्तर पहिल्या महिन्यात मिळणार नाही. म्हणून पंधरा दिवसांचा मुक्काम मला मान्य नाही. निदान तीन वर्षं, दर वर्षी त्याच माणसांनी परत यायचं. पहिल्या वर्षी काही घडवायचंच नाही, असं ठरलं तर फार उत्तम.

७. चिखल्याला वारली करू नका

परदेशी पाहुणा महाराष्ट्रातल्या खेड्यात आला की त्याला वारली हवं असतं, आणि आपले अधिकारी ते पुरवतात. तहसील कार्यालयापासून बसस्थानकापर्यंत सगळीकडे पांढरी त्रिकोणी माणसं फेर धरून नाचताहेत. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी हा नाच थांबलेला नाही. चिखल्याच्या भिंतीवर वारली काढणं म्हणजे डहाणूच्या लोकांवर अन्याय आणि आपल्यावरही.

आपल्याकडे भिंतीवरच्या चित्राची तशी प्रसिद्ध परंपरा नाही, याची लाज वाटायचं कारण नाही. आजची कला चित्रापुरती उरलेलीच नाही. आपल्या झाडीपट्टीत दंडार आहे, खडी गंमत आहे, ही इथली लोकनाट्यं. दिवाळी आटोपली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडारी रंगतात, लेकी माहेरी येतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येकांनी हा रंगमंच पहिल्यांदा ऐकला. मोहाडी आणि आंधळगावला कोसा रेशमाचं विणकाम आहे, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा सांभाळणारे ढिवर आहेत. भंडारा शहराची ओळखच पितळेची. याशिवाय खदानीची कौशल्यं आहेत. छतावरचा दगड हातोडीने ठोकून त्याच्या आवाजावरून तो पक्का आहे की सुटणार, हे ओळखणारा माणूस ध्वनीवर काम करणाऱ्या कुठल्याही कलावंताचा गुरू होऊ शकतो. वजन आणि चकाकी बघून खनिज आणि निव्वळ दगड वेगळे करणाऱ्या रेजांच्या, म्हणजे मजूर बायकांच्या, नजरेबद्दलही तेच.

मला सर्वांत जास्त खुणावणारी गोष्ट इथल्या बायकांचीच आहे. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला मनाई केली. २०१९ मध्ये ती तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती, लेखी संमती वगैरे अटींवर सैल झाली. म्हणजे ज्या खदानीवर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली, ती आतून कशी आहे हे त्या घरांतल्या बहुतेक बायकांनी कधी पाहिलेलंच नाही. नवऱ्याच्या, बापाच्या, मुलाच्या बोलण्यातून त्यांनी मनात एक खदान बांधली असणार. ती प्रत्येकीची वेगळी असेल. गोधडीत, मातीत, दंडारीच्या सोंगात, आवाजात किंवा पडद्यावर ती बाहेर आली आणि तिच्याशेजारी आफ्रिकेतल्या किंवा ब्राझीलमधल्या एखाद्या खाणवस्तीतल्या बाईच्या मनातली खदान उभी राहिली, तर ते काम जगात कुठेही मान वर करून उभं राहील.

८. काळ्या रंगाचा मोह सांभाळा

परदेशी कलावंताला मँगनीजचा काळा रंग भुरळ घालणार, यात शंका नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेतल्या आदिमानवाच्या चित्रांत जो काळा आहे तो मँगनीजच्या ऑक्साइडांचा. २००९ साली अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठात मास सुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेत एक नवा निळा रंग अपघाताने सापडला, त्यातही यट्रियम आणि इंडियमबरोबर मँगनीज आहे. जपानी चित्रकार युसुके असाई यांनी सुजाता गावात तिथल्याच वेगवेगळ्या मातींनी वर्गाच्या भिंती रंगवल्या. त्यांच्यासारखा कुणी चिखल्याला आला तर पहिल्याच दिवशी तो मूठभर काळी भुकटी उचलेल.

ती उचलू द्यायची नाही. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासात गेली तर मज्जासंस्थेला इजा होते. हात थरथरतात, चाल बिघडते. शाळेतल्या पोरांना खनिजाच्या भुकटीची रांगोळी घालायला लावणारा कार्यशाळावाला छायाचित्रात सुंदर दिसेल, पण त्याला गावाबाहेर काढावं. रंग वापरायचाच तर तो तेलात किंवा डिंकात बांधलेला, तयार, मोठ्यांच्या हातात, आणि खाण सुरक्षेतल्या जाणकाराने तपासलेला. अठरा वर्षांखालच्यांना खदानीत नेण्याचा तर प्रश्नच नाही. कायदाच परवानगी देत नाही.

९. इथली खदान चालू आहे

जगात खाणींची कलादालनं झाली ती बहुतेक खाणी बंद पडल्यावर. जर्मनीतल्या एसेनची त्सोलफराइन कोळसा खाण १९८६ साली बंद झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. जपानच्या इनुजिमा बेटावरचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना १९१९ मध्येच थंडावला होता, तिथे २००८ साली संग्रहालय उघडलं. बेल्जियममधल्या गेंकच्या बंद खाणीत २०१२ चा 'मॅनिफेस्टा' महोत्सव भरला. या सगळ्यांत एक हळहळ आहे, आणि ती तिथे शोभते. चिखल्यात माणसं अजून पाळीवर जातात. त्यांना स्वतःच्या आयुष्याचं स्मारक नको आहे. पाळ्यांच्या वेळा, पगाराचा दिवस, धानकापणीची घाई या सगळ्यांच्या मधून वाट काढत काम करायची तयारी असेल, त्याच कलावंताने यावं.

१०. पैसा कुठून, आणि त्याच्याबरोबर काय येतं

पैसा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत, आणि त्या कामांच्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जमा होते. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. जागा आणि माणसं तिथून मिळू शकतात.

'आधी पाणी, रस्ता, दवाखाना. मग कला' असं कुणी तरी म्हणणार. बरोबर म्हणणार. प्रतिष्ठानाचा पैसा आधी पाण्याला आणि आरोग्यालाच जायला हवा, आणि तिथून एक रुपयाही मी कलेसाठी मागणार नाही. कंपनीच्या निधीत संस्कृतीचं खातं वेगळं आहे. ते वापरलं नाही म्हणून दवाखान्यात डॉक्टर वाढत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. खाण कंपनीच्या पैशावर आलेला कलावंत धुळीबद्दल, अपघाताबद्दल, गेलेल्या जमिनीबद्दल बोलू शकेल का? सार्वजनिक कंपनी असली तरी तिला स्वतःचं कौतुकच बघायला आवडणार. म्हणून निधी एकरकमी आणि आगाऊ एका समितीकडे जावा. समितीत ग्रामसभेने निवडलेली माणसं निम्म्याहून जास्त, त्यांत बायका आणि कामगार संघटनेची माणसं. काम आधी दाखवून मंजूर करून घ्यायची अट कंपनीने घालायची नाही, आणि पाहुण्या देशाच्या वकिलातीनेही नाही.

मिळकतीचाही विचार आत्ताच करावा. काँगोमधल्या लुसांगा इथले मळ्यांवरचे कामगार २०१४ पासून संघटित होऊन शिल्पं घडवतात. चिकणमातीत घडवलेलं शिल्प परदेशात कोकोच्या चॉकलेटमध्ये ओतलं जातं, कारण अशाच मळ्यांच्या पिकांनी परदेशी कंपन्यांना श्रीमंत केलं. विक्रीच्या पैशातून त्यांनी जमीन परत विकत घेतली, आणि २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या कला प्रदर्शनात नेदरलँड्सचं दालन त्यांच्याकडे होतं. सोबत रेन्झो मार्टेन्स हे डच कलावंत आहेत, आणि त्यांच्यावर टीकाही भरपूर होते: गोऱ्या माणसाने दार उघडल्याशिवाय हे दालन मिळालं असतं का? टीका रास्त आहे. पण जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर झाला, ही गोष्ट त्या टीकेने पुसली जात नाही.

११. करारात काय हवं

१९५७ चा कॉपीराइट कायदा संयुक्त कर्तृत्व मानतो, फक्त ते कागदावर आलं पाहिजे. 'मदतनीस', 'सहभागी', 'लाभार्थी' हे शब्द करारात नकोत; दोन्ही बाजूंना 'कलावंत' म्हणायचं. याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कृती विकल्यानंतरही कर्त्याचा नावाचा हक्क आणि मोडतोडीविरुद्धचा हक्क शिल्लक राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते त्यांना परत द्यायला लावलं आणि नुकसानभरपाईही दिली. म्हणजे उद्या नवे सरपंच आले किंवा मंत्र्यांचा दौरा ठरला म्हणून भिंतीला सरसकट चुना फासता येणार नाही, हे ग्रामपंचायतीनेही आधी समजून घ्यावं.

मानधन दोघांना सारखं. पाहुण्याचा विमानप्रवास आणि मुक्काम वेगळा धरा, पण दिवसाच्या कामाचा दर एकच. सुट्टी टाकून येणाऱ्या कामगाराचा बुडालेला रोज त्यात वरून. घडलेल्या प्रत्येक कामाची एक आवृत्ती किंवा मूळ कृती चिखल्यात राहायची, आणि ती ठेवायला कुलूपबंद, गळती नसलेली खोली आधी दाखवायची. परदेशात प्रदर्शन होईल तेव्हा इथल्या निदान दोघांनी तिथे असायचं. पाहुण्याने केलेलं चित्रण गावाला नको वाटलं तर ते न दाखवण्याचा हक्क गावाला, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

ही शेवटची अट ऐकून चांगले चांगले कलावंत बिचकतील. कलावंताचं स्वातंत्र्य कुठे गेलं, असं म्हणतील. मी वर कंपनीला हा हक्क नाकारला आणि गावाला दिला, यात विसंगती आहे हेही दाखवतील. आहेच. पण कंपनीकडे पैसा आहे, वकील आहेत, वर्तमानपत्रात पान विकत घेण्याची ताकद आहे. ज्या बाईचा चेहरा पडद्यावर जाणार तिच्याकडे फक्त 'नको' हा शब्द आहे. तो काढून घेऊन मिळणारं स्वातंत्र्य मला मोठं वाटत नाही.

१२. सुरुवात कुठून

ग्रामसभा २ ऑक्टोबरला भरते. तोपर्यंत धान निसवलेला असतो, कापणीला अवकाश असतो, माणसं सापडतात. विषयपत्रिकेवर एक ओळ टाकता येईल: 'बाहेरील व परदेशी कलावंतांसोबतच्या उपक्रमांच्या अटी ठरवणे.' सात-आठ जणांची समिती निवडावी आणि तिने वरच्या मुद्द्यांतलं जे पटेल ते ठेवून, न पटेल ते खोडून दोन पानांचा मसुदा करावा. तो मराठीत असावा आणि सभेत मोठ्याने वाचून झाल्यावरच ठरावाला जोडावा. त्याची एक प्रत नागपूरला 'मॉयल'च्या कार्यालयात, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक सांस्कृतिक केंद्राकडे. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडारीवाल्यांना हा विषय द्यावा. परदेशी पाहुणा, साहेब आणि खदानीतला गडी या तीन सोंगांवर ते रात्रभर लोकांना हसवतील, आणि मसुद्यात कुठलं कलम राहून गेलं ते त्या हशातून समितीला नेमकं कळेल.